बेल, सेल, वेट, वेस्ट... ऐकायला एकच आणि लिहायला चार, तुम्ही लोक कसं लक्षात ठेवता?

कापूसकोंड्या
नमस्कार मंडळी. मी अकोल्याच्या बाजूला एका जिनिंग प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथं) ऑफिसचं काम बघतो, म्हणजे काटापावती, ई-वे बिल, बँक, आणि गिरण्यांना मेल टाकणं, सगळं माझ्याच डोक्यावर. शाळा मराठी माध्यमाची, बीकॉम पण तसंच झालं. इंग्रजी वाचलेलं कळते, समोरचा बोलला तर बऱ्यापैकी कळते, पण लिहायला बसलो की सारखे ऐकू येणारे शब्द असा घोळ घालतात की विचारू नका.

मागच्या आठवड्यातलीच गोष्ट. कोइमतूरच्या एका गिरणीला मेल टाकला की १०० बेल्स तयार आहेत, उद्या गाडी निघते. तिकडून उत्तर आलं, फक्त माल पाठवा, वकिलाची गरज नाही. मला काही कळेचना, म्हटलं पेमेंटचं काही बिनसलं की काय. शेवटी मालकांची मुलगी सुट्टीला आली होती तिनं बघितलं आणि हसत सुटली. म्हणे दादा, तुम्ही बी-ए-आय-एल लिहिलंय, तो कोर्टातला जामीन झाला, आपली गाठ म्हणजे बी-ए-एल-ई. म्हणजे मी लिहून मोकळा झालो होतो की १०० जामीन तयार आहेत. आणि कॉपी पाच जणांना.

मग रात्री बसून जुने मेल उघडले तर बाप्पा, एकेक नमुने. 'प्लीज वेट' लिहायचं तिथं वजनाचा वेट. कॉटन वेस्ट लिहायचं तिथं कमरेचा वेस्ट. ई-वे बिलचा वे तर मी दोन वर्षं वजनाचाच लिहून राहिलो, कारण आमच्या डोक्यात गाडी आधी काट्यावर जाते मग बिल निघते. आमच्या रोडवर तीन वजनकाटे आहेत, तिघांच्या पाट्यांवर वे ब्रिजचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, तर मी तरी काय शिकणार.

यूट्यूबवर बघून अशा शब्दांची १०० जोड्यांची यादी पाठ केली, आठ दिवसांत सगळी धुऊन निघाली. कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही कारण शब्द तर बरोबरच असतो, जागा चुकलेली असते. तर तुम्ही लोक नेमकं काय करता ते सांगा, यादी सोडून.


टवाळ
१०० जामीन एकदम तयार!! कोणत्या केसमध्ये हो, आम्हाला पण दोनचार पाहिजे होते.


खडूची पूड
कापूसकोंड्या, हसण्यावारी नेऊ नका पण मनालाही लावून घेऊ नका. मी ३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, आणि मुलांच्या वह्यांपेक्षा स्टाफरूमच्या नोटीस बोर्डावर जास्त चुका बघितल्या (त्यातल्या काही माझ्या).

तुम्ही दिलेल्या शब्दांत दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात. आधी त्या वेगळ्या करा, सरकी वेगळी आणि रुई वेगळी करता तशा.

पहिला ढीग, जे शब्द खुद्द इंग्रजांना पण तंतोतंत सारखेच ऐकू येतात. जामिनाचा बेल आणि गाठीचा बेल, वजनाचा वेट आणि थांबण्याचा वेट, कमरेचा वेस्ट आणि वाया गेलेला वेस्ट, गाडीचा ब्रेक आणि मोडण्याचा ब्रेक. इथे कान लावून काही उपयोग नाही, लंडनमध्ये जन्मलेल्या पोरालाही हे डोळ्यांनीच शिकावं लागतं.

दुसरा ढीग मात्र आपण घरी तयार केलेला आहे. दारावरची बेल घ्या. ती इंग्रजीत जामिनाच्या बेलसारखी ऐकूच येत नाही. घंटेतला ए आखूड, झटकन तोडलेला, आणि जामिनातला लांबवलेला, बेऽल, शेवटी थोडा इ कडे झुकलेला. मराठीत आखूड ए आणि लांब ए असे दोन नाहीतच, मग आपला कान दोघांना एकाच डब्यात टाकतो. घड्याळाचा सेल आणि साड्यांचा सेल, रक्ताची टेस्ट आणि भाजीची टेस्ट, लिहायचं पेन आणि गुडघ्यातलं पेन, गाडी लेट आणि 'लेट मी गो' मधला लेट, सगळे आपल्याकडे जुळे भाऊ आणि तिकडे साधी ओळखही नाही. माझ्या भाच्याने एकदा जेवताना पेपर मागितला तर आमच्या आईने सकाळचा पेपर आणून हातात दिला, त्याला मिरपूड हवी होती.

हा दुसरा ढीग तोंडाने सुटतो. मोठ्याने म्हणा, एकदा आखूड एकदा लांब. सेल्, सेऽल. टेस्ट, टेऽस्ट. एकदा जिभेला फरक कळला की स्पेलिंग बरंचसं आपोआप येतं, कारण आखूड असेल तिथे बहुतेक नुसता ई असतो (घड्याळाचा सेल, घंटेची बेल, रक्ताची टेस्ट, लिहायचं पेन) आणि लांब असेल तिथे बहुतेक ए-आय तरी असतो नाहीतर ए येऊन शब्दाच्या टोकाला मुका ई बसतो (साड्यांचा सेल, भाजीची टेस्ट, गुडघ्यातलं पेन). अपवाद आहेत, इंग्रजीच आहे ती. पण यादीपेक्षा हे बरं.

तुमचा वेस्ट मात्र सगळ्यात चावट, त्यात चौघं लपलेत. कमर आणि वाया गेलेला हे दोघे खरे जुळे. पश्चिमेचा वेस्ट आखूड. आणि बनियनचा वेस्ट व्ही वाला, तो म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, बाकी तिघांना दात लागत नाहीत, ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायचे. आपला व दोन्हीच्या मधला आहे म्हणून आपल्याला सगळं एकच वाटतं.


टवाळ
बाई _/\_
बेलाचं पान, दारावरची बेल, कोर्टातली बेल, कापसाची बेल आणि बोल्ड झाल्यावर उडालेली बेल. एका शब्दात श्रावणी सोमवार, दूधवाला, वकील, जिन आणि वानखेडे स्टेडियम.


शेंगदाणा लाडू
मी भाषांतराचं आणि प्रुफं तपासायचं काम करते त्यामुळे हे माझं रोजचं दुखणं. खडूबाईंच्या दुसऱ्या ढिगाबद्दल त्यांनी सांगितलंच आहे, पहिल्या ढिगासाठी माझा उपाय असा की इंग्रजी पुस्तकातल्या युक्त्या वापरायच्याच नाहीत, त्या त्यांच्या डोक्यासाठी केलेल्या असतात, आपल्या डोक्यात टिकत नाहीत. आपल्या आपण करायच्या, कितीही वेडपट असल्या तरी चालतील, उलट वेडपट जास्त टिकतात. माझ्या काही देते.

बेल: जामिनाचा बेल जेलसारखा लिहायचा, दोघांची शेपटी ए-आय-एल. गाठीची बेल सेलसारखी लिहायची, शेपटी ए-एल-ई. जेल असेल तर बेल, सेल असेल तर बेल, संपलं. (क्रिकेटची बेल जेलवाल्यांच्या घरातली आहे, पण कापसाच्या मेलमध्ये ती कशाला येतेय.)

वे आणि वेट: ही माझी सगळ्यात लाडकी. मराठीत वाट म्हणजे रस्ता पण आणि वाट बघणं पण. इंग्रजीतला रस्त्याचा वे डब्ल्यू-ए ने सुरू होतो आणि थांबण्याचा वेट पण डब्ल्यू-ए ने. म्हणजे जिथे मराठीत 'वाट' बसते तिथे 'वा', डब्ल्यू-ए. आणि वजनाचे जे काही असतील, वे काय वेट काय, ते डब्ल्यू-ई. शिवाय वजनाच्या वेटमधला डब्ल्यू झाकला तर उरतो इंग्रजी एट, आठ. वजन म्हटलं की आकडा आलाच. ई-वे बिल हे गाडी वाटेत असताना जवळ ठेवायचं बिल, म्हणून वाटवाला वे, डब्ल्यू-ए-वाय. पाटीवरचा वे ब्रिज मात्र वजनाचा.

ब्रेक: टी ब्रेक लक्षात ठेवा. चहाच्या टी मध्ये ई-ए आणि त्या ब्रेकमध्ये पण ई-ए. हाच मोडण्याचा, उपास मोडण्याचा म्हणजे ब्रेकफास्टचा पण. गाडीचा ब्रेक उरला तो ए-के-ई.

कमरेच्या वेस्टमध्ये मधोमध आय आहे, त्याच्या डोक्यावरचा ठिपका म्हणजे बेंबी.

प्रिन्सिपल: शाळेच्या प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल, वाचा पाल. केबिनमध्ये पाल आहे. बँकेच्या कर्जातली मुद्दल पण हीच पालवाली, कारण शब्दाचा अर्थ 'मुख्य' एवढाच, मुख्याध्यापक म्हणून मुख्य आणि व्याज सोडून मुख्य रक्कम म्हणून मुख्य. तत्त्वाचा प्रिन्सिपल एल-ई वाला, तिथे पाल नाही. मी एका पतसंस्थेच्या अहवालात 'कर्जाची तत्त्वे परत मिळाली' अशा अर्थाचं वाक्य बघितलं आहे, त्या दिवशी ऑफिसात काम झालं नाही.

स्टेशनरी: अचल, म्हणजे न हलणारी, तिला ए. वह्या-पाकिटांची तिला एन्व्हलपचा ई.


स्पष्ट बोलतो राग नसावा
मला हे सगळं फार ताणलेलं वाटतं. समोरच्याला कळलं ना बेल म्हणजे गाठ? कळलं. माल गेला ना? गेला. मग झालं की. कोइमतूरवाला पण काही लंडनचा नाही. आपण मराठीत शिर आणि शीर, दिन आणि दीन, सुर आणि सूर यांत रोज चुकतो तेव्हा कोणी धागा काढत नाही, डोकं लिहायचं तिथे रक्ताची शीर लिहून जातो, साहेबाच्या इंग्रजीसाठी मात्र एवढी धावपळ.


कापूसकोंड्या
भाऊ, कळते तोपर्यंत ठीक आहे, पण एकदा नाही कळलं तेही सांगतो. मागच्या हंगामात अवकाळी सुरू होता, उघड्यावर थप्पी होती. मी गिरणीला लिहिलं की पाऊस असाच राहिला तर आपण ५ गाठी गमावू, गाडी लवकर पाठवा. तर मी गमावण्याचा लूज लिहिला तो दोन ओ वाला, म्हणजे सैल, सोडलेला. त्यांनी वाचलं की आम्ही ५ गाठी सोडून राहिलो, खोलून टाकून राहिलो. तासाभरात फोन, गाठी काहून फोडता, सॅम्पल तर तुम्ही काढून पाठवलंय, माल बदलता काय. आता एक गाठ १७० किलोची, पाच गाठींचा हिशेब तुम्हीच करा, आणि मालक शेजारी उभे. अर्धा तास मी फोनवर समजावत होतो की आम्ही काही फोडलं नाही, फक्त पाऊस आहे.

शेंगदाणा ताई, जेल-बेल सेल-बेल एका झटक्यात बसलं. वाटेचं तर आमच्या काटेवाल्याला पण सांगितलं, तो म्हणे पाटी बदलायचे पैसे कोण देणार.


खडूची पूड
स्पष्टराव, राग नाही, मराठीबद्दल तुमचं खरंच आहे. आणि त्यातच उत्तर पण आहे बघा. शिर आणि शीर आपण बोलताना वेगळे करत नाही म्हणून लिहिताना चुकतो, नियम ठाऊक नसतो म्हणून नाही. इंग्रजांचं त्यांच्या शब्दांत अगदी हेच होतं.

कापूसकोंड्या, लूजचा घोळ पहिल्या ढिगातला नाही हं, तो दुसऱ्यातला. सैल म्हणजे लूस, शेवटी स. गमावणं म्हणजे लूझ, शेवटी मधमाशीसारखा आवाज. आपण 'नट लूज झाला' म्हणत म्हणत दोन्हीला एकच ज लावला. गंमत म्हणजे ज चे दोन आवाज आपल्या तोंडात आधीपासून आहेत, सगळं जग म्हणताना वेगळा आणि पाण्याचा जग म्हणताना वेगळा, लिहिताना दोन्ही सारखेच. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगला नावं ठेवताना आपलं जग पण आठवावं. स्पेलिंगसाठी सोपं, गमावण्याच्या शब्दातला एक ओ गमावलाय.

याच जातीचं ऑफिसमधलं दुसरं खूळ म्हणजे 'प्लीज ॲडव्हाइस'. सल्ला हे नाम, ते सी वालं, शेवटी स. सल्ला द्या हे क्रियापद, ते एस वालं, शेवटी झ. रोज शेकडो मेलच्या शेवटी लोक नाम लिहून सही करतात.


लांबचा पाहुणा
मी इंग्लंडमध्ये १४ वर्षं आहे, तर कापूसकोंड्यांना दिलासा द्यायला आलो. इथले जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोक 'युवर' आणि 'यू आर' चं जोडलेलं रूप रोज चुकवतात, देअरचे तीन प्रकार तर विचारूच नका. माझ्या एका साहेबाने सगळ्या टीमला मेल केला होता, सिस्टीम बंद आहे, 'बेअर विथ मी'. म्हणायचं होतं जरा सांभाळून घ्या, पण त्याने लिहिला उघड्या अंगाचा बेअर. म्हणजे माझ्याबरोबर कपडे काढा. गोऱ्या साहेबाला कोणी काही बोललं नाही, सगळे नुसते खाली मान घालून टाइप करत होते.

पण हे झालं कशामुळे ते मला फार आवडतं, कंटाळा आला तर पुढे जा. आज ज्या जोड्या सारख्या ऐकू येतात त्यातल्या कितीतरी एके काळी खरंच वेगळ्या बोलल्या जायच्या. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर सगळेच्या सगळे सरकले. भेटण्याचा मीट आधी 'मेऽट' च्या जवळ होता आणि मटणाचा मीट 'मॅऽट' च्या जवळ, म्हणून एकात दोन ई आणि दुसऱ्यात ई-ए. मग दोघेही वर सरकत सरकत 'मीट' ला येऊन थांबले. पण मधेच १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, स्पेलिंग हळूहळू जुन्या उच्चारावर गोठत गेलं आणि तोंड पुढे निघून गेलं. बघण्याचा सी आणि समुद्राचा सी पण तसेच.

आणि लाडूताईंचा ब्रेक! मोडण्याच्या ब्रेकमधला ई-ए पण मटणाबरोबर सरकून 'ब्रीक' व्हायला हवा होता, पण ब्रेक, ग्रेट आणि स्टेक असे मोजके शब्द त्या गर्दीत मागेच राहिले. तो मागे राहिला म्हणून गाडीच्या ब्रेकशी त्याची गाठ पडली, नाहीतर या दोघांचा घोळ झालाच नसता.

नाइट (रात्र) आणि नाइट (सरदार) यातल्या सरदाराच्या सुरुवातीचा के पण शोभेचा नाही, पूर्वी म्हणायचे, 'क्निख्त' सारखं काहीतरी. जर्मनमध्ये क्नेख्त अजून आहे, पण तिथे त्याचा अर्थ गडी, नोकर. एका गावात सरदार झाला, एका गावात गडीच राहिला.

फुलाचा फ्लावर आणि पिठाचा फ्लावर तर मुळात एकच शब्द, पीठ म्हणजे धान्याचं 'फूल', त्यातला सगळ्यात चांगला भाग. आपण त्यात कोबीचा भाऊ फ्लॉवर घालून अजून एक वाढवला. न हलणारी आणि वह्यांची स्टेशनरी पण एकाच घरातली, जुन्या काळी विद्यापीठांच्या गावात जो पुस्तकवाला फिरतीवर न जाता एका जागी दुकान मांडून बसायचा तो स्टेशनर.

शेवटचं खास जिनवाल्यांसाठी. वाटेचा वे आणि वजन करण्याचा वे पण सख्खे भाऊ आहेत. जुन्या इंग्रजीत वजनाच्या वे चा अर्थ आधी वाहून नेणं असा होता, आणि त्याचं मूळ जाऊन मिळतं आपल्या संस्कृत वह् ला, ज्यातून वाहन आलं. म्हणजे कापूसकोंड्यांच्या डोक्यात गाडी, काटा आणि वाट एकत्र होते ते अगदीच चूक नव्हतं, फक्त दीडदोन हजार वर्षं उशिरा झालं.


टवाळ
ई-वाहन बिल. सरकारला कळवा कोणीतरी.


शेंगदाणा लाडू
पाहुणे, फ्लावरचं माहीत नव्हतं, मस्त. मी एका रेसिपीत 'दोन कप फरशी चाळून घ्या' असं झालेलं बघितलं आहे, मूळ लिहिणाऱ्या बाईंनी मैद्याच्या जागी जमिनीचा फ्लोअर लिहिला होता आणि भाषांतर करणाऱ्या मशीनने इमानदारीत फरशी केली.

कापूसकोंड्या, एक धंद्यातली युक्ती. मेल पाठवायच्या आधी सगळा वाचू नका, आपला डोळा आपलीच चूक माफ करतो. आपण नेहमी कुठे घसरतो ते पाचसहा शब्द टेबलावर चिकटवून ठेवा आणि मेलमध्ये फक्त तेवढेच शोधा. १०० जोड्यांची यादी कोणालाच लागत नाही. तुमच्या धंद्यात बेल, वेट, वे, वेस्ट, लूज, सेल, झालं.


कापूसकोंड्या
ताई, चिकटवले. प्रिंटरच्या वर, मालकांना पण दिसतात. काल दिवसभर वरचे सगळे प्रतिसाद परत वाचले, आणि केबिनमध्ये एकटाच सेल् सेऽल करत बसलो होतो तर हमाल विचारून गेला, तब्येत बरी आहे ना.

आज सकाळी कोइमतूरला नवीन मेल टाकला. बेल बरोबर, वेट बरोबर, ई-वे बिल बरोबर, सहाच्या सहा शब्द तपासले. आणि शेवटी नम्रपणे लिहिलं की कृपया १०० गाठी स्वीकाराव्यात. तर ॲक्सेप्टच्या जागी एक्सेप्ट गेलं. उत्तर आलं, १०० गाठी सोडून बाकी काय काय पाठवताय ते कळवा.

खडूबाई, हे कोणत्या ढिगात टाकू?


खडूची पूड
नीट बोललात तर दुसऱ्या, घाईत बोललात तर पहिल्या, म्हणजे तुमच्याकडे पहिल्याच. स्वीकारायचा शब्द ए-सी ने सुरू होतो, आणि एसी अकोल्याच्या उन्हाळ्यात कोण नको म्हणतो. वगळायचा ई-एक्स ने, एक्झिटसारखा, बाहेर. सातवा शब्द चिकटवा.